तिसराच गिअर का सुटतो?

पांढरी अँबॅसिडर हिसके देत माझ्या गॅरेजच्या फाटकातून आत आली आणि मधोमध बंद पडली. स्टिअरिंगवर सुपडू आबा होते. शेजारच्या सीटवर डॉक्टरबाई, आणि त्यांनी गिअरचं हँडल दोन्ही हातांनी वर दाबून धरलेलं. गाडी बंद पडली तरी त्यांनी ते सोडलं नव्हतं.

"बाई, सोडा आता," मी म्हणालो.

"नक्की सोडू?"

"सोडा. गाडी थांबली."

त्यांनी हात काढले आणि बोटं मोकळी करत खाली उतरल्या. तळहात लाल झाले होते. चेहऱ्यावरून घाम चालला होता, आणि दिवस हिवाळ्याचे होते.

डॉ. निर्मलाबाईंचं पारोळ्याला छोटं प्रसूतिगृह होतं. नेहमीची बाळंतपणं तिथेच व्हायची. अडलेली केस असली की धुळ्याला आणायची. नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. अँब्युलन्स वेळेवर मिळेलच याचा भरवसा नसायचा, म्हणून बाईंची ही गाडीच अँब्युलन्स. मागची सीट म्हणजे स्ट्रेचर. आबा तिचे ड्रायव्हर. पन्नाशी ओलांडलेले, डोक्यावर पांढरी टोपी, पारोळ्याजवळच्या खेड्यातले. पूर्वी कापसाच्या जिनिंगच्या ट्रकवर होते. प्रसूतिगृह सुरू झालं तेव्हापासून बाईंकडे. बोलणं कमी, आणि जे बोलायचे ते अहिराणीतच.

"काय झालं?" मी विचारलं.

उत्तर बाईंनीच दिलं. मागे पेशंट होती. पहिलटकरीण, मूल आडवं. मुकटी गाव सोडल्यावर पुढे कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. टॉप गिअर टाकावा इतका वेग नाही, दुसऱ्यात चालवावं तर फार सावकाश. अशा ठिकाणी तिसराच गिअर लागतो. आबांनी तो टाकला की गाडी थोडी पुढे जायची आणि हँडल खाडकन खाली यायचं. इंजिन नुसतं ओरडायचं. आबांनी परत टाकला, परत सुटला. एकदा तर समोरून ट्रक आला आणि ओव्हरटेक करतानाच सुटला.

"मग मी पेशंटच्या सासूला तिच्या उशाशी बसवलं आणि पुढे आले," बाई म्हणाल्या. "आबा म्हणाले, हे वर धरून ठेवा. तेव्हापासून धरूनच आहे."

"पेशंट?"

"सिव्हिलला पोहोचवली. थिएटरमध्ये घेतलीये. मला परत तिकडे जायचंय." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "लतीफभाई, ही पोहोचली. पुढची पोहोचेल की नाही, ते मला तुमच्याकडून पक्कं करून हवंय. दुरुस्त करा, बदला, नवा टाका, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. रस्त्यात मला पुन्हा गिअर धरायला लावू नका."

त्या रिक्षाने सिव्हिलला गेल्या. आबा गाडीजवळ उभे राहिले. उजव्या हाताने बॉनेटवरची धूळ पुसत होते.

"तिसराच गिअर सुटस, भाऊ," ते म्हणाले. "दुसरा एक बी नही."

तेव्हा ते वाक्य मी फक्त ऐकून घेतलं.

पुढचं सांगण्याआधी गिअरबॉक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. इंजिन आणि मागची चाकं यांच्यामध्ये दातेरी चक्रांची एक लोखंडी पेटी असते. गाडी जागची हलवायला ताकद लागते, तिथे पहिला गिअर. पळायला लागली की दुसरा, तिसरा आणि शेवटी टॉप. आपण गिअर टाकतो तेव्हा आत बांगडीसारखी एक कडी सरकते आणि तिचे दात चक्राच्या दातांत जाऊन बसतात. पूर्ण बसले तर घट्ट धरतात. अर्धवट बसले तरीही गाडी चालते, पण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलला की कडी निसटते. यालाच आम्ही गिअर सुटणं म्हणतो.

गिऱ्हाईक आलं की एकच सांगतं, गिअरबॉक्स गेला. बऱ्याचदा तो गेलेला नसतो. गिअर टाकताना खर्र आवाज येत असेल तर आधी क्लच बघायचा. बाकी सगळ्या गिअरमध्ये कण्हल्यासारखा आवाज आणि टॉपमध्ये शांत, तर आतली बेअरिंगं. गाडी उभी राहते तिथे खाली तेलाचा डाग पडत असेल तर सील. आणि गिअर सुटत असेल तर तीन ठिकाणी शोधायचं. पेटी ज्या रबरांवर बसते ती माउंटिंगची रबरं, हँडलपासून पेटीपर्यंत जाणाऱ्या दांड्या म्हणजे लिंकेज, आणि हे दोन्ही ठीक निघालं तरच पेटीच्या आत. नवीन मिस्त्री याच्या उलट जातो, आधी पेटी उतरवतो.

त्या अँबॅसिडरचं हँडल स्टिअरिंगच्या खाली, डाव्या बाजूला होतं. आजच्यासारखी फरशीतून वर आलेली दांडी नव्हती. पहिला गिअर वर, दुसरा खाली, तिसरा परत वर, टॉप खाली. हे वर-खाली लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्यातच आहे.

मी गाडी पारोळा रोडवर चालवून बघितली. क्लच चांगला होता. पहिला, दुसरा, टॉप लोण्यासारखे पडत होते. तिसरा मी पूर्ण वर दाबून टाकला तरी पाय उचलला की सुटायचा. रबरं ठीक होती. लिंकेजमध्ये थोडा ढिलेपणा होता, तो काढला. फरक पडला नाही. म्हणजे आतच काही तरी होतं. पेटी उतरवली.

उघडल्यावर मी बराच वेळ बघत बसलो.

तिसऱ्या गिअरचे दात गोल झाले होते, चघळलेल्या खडीसाखरेसारखे. त्याची कडीही झिजलेली. बाकी सगळी पेटी मात्र ठणठणीत. जुनी झाली म्हणून झिजलेली पेटी अशी नसते. गावात दुसरा गिअर जास्त वापरला जातो, त्यामुळे आधी दुसरा जातो. इथे दुसरा जवळजवळ नव्यासारखा. शिवाय तिसऱ्याचे दात फक्त टोकाला खाल्लेले होते. मुळाशी त्यांना काही झालंच नव्हतं. म्हणजे हा गिअर कित्येक महिने अर्धवट टाकून चालवला होता.

लिंकेज कमी पडत असेल का? मोजून पाहिलं. दांड्या कडीला शेवटपर्यंत नेत होत्या. गाडीत दोष नव्हता, पेटीतही नव्हता. मग कुणी तरी तिसरा गिअर पूर्ण टाकतच नव्हतं. आणि ही गाडी चालवणारा माणूस एकच होता.

मला पटेना. आबांनी ट्रक चालवलेला. धुळ्यापासून जळगावपर्यंतच्या हायवेवर त्यांच्यासारखा हात असलेला ड्रायव्हर मी पाहिला नव्हता. बाळंतीण मागे असेल तर खड्डा कसा घ्यायचा हे त्यांच्याकडून शिकावं. असा माणूस गिअर अर्धवट का टाकेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा एसटीने आले. बाईंचा निरोप आणला होता. सिझर झालं, मुलगी झाली, दोघी ठीक. बाई दुपारी येऊन काय करायचं ते ठरवणार होत्या.

माझी स्वतःची जुनी अँबॅसिडर गॅरेजमागे उभी असायची. मी म्हणालो, "आबा, देवपुरात एक पार्ट द्यायचाय. माझी गाडी काढा, मी बसतो शेजारी."

त्यांनी आधी स्टिअरिंगखालच्या हँडलकडे पाहिलं. मग बसले.

निघताना त्यांनी उजवा हात स्टिअरिंगवरून पलीकडे नेला आणि पहिला गिअर उजव्या हाताने टाकला. गाडी उभी असते तेव्हा हे जमतं. दुसरा टाकताना डावा हात हँडलवर ठेवला आणि हाताच्या वजनानेच ते खाली आणलं. पांझरा नदीच्या पुलाजवळ तिसऱ्याची वेळ आली. गाडी चालती, उजवा हात स्टिअरिंगवर गुंतलेला. आबांनी सबंध अंग उजवीकडे कलवलं, डावा खांदा जागचा न हलवता बोटांच्या टोकांनी हँडल वर ढकललं. दात ओठांवर दाबलेले. हँडल वर गेलं, पण पूर्ण नाही. बोटभर अंतर राहिलं.

पूल ओलांडल्यावर मी म्हणालो, "आबा, बाजूला घ्या."

त्यांनी लिंबाच्या झाडाखाली गाडी लावली. इंजिन बंद केलं.

"कधीपासून?"

"पावसाळाना आधीपासून. खांदामा काय धरेल शे, देव जाने. हात वर जात नही, भाऊ. सदरा बी मनी बायको घाली देस."

"डॉक्टरांकडे काम करता आणि डॉक्टरांना सांगितलं नाही?"

"कसं सांगू?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ड्रायव्हरना हात गया म्हंजे ड्रायव्हर गया. बाईसले सांगू नका."

मला त्यांचा राग आला नाही. भीती मात्र वाटली, आणि ती दोन गोष्टींची. एक म्हणजे मी पेटीत सगळं नवं सामान घातलं तरी वर्षाच्या आत तिसरा गिअर पुन्हा खाल्ला जाणार होता. तेव्हा अख्खा पारोळा म्हणेल, लतीफ मिस्त्रीने चांगल्या बाईला फसवलं. दुसऱ्याच्या गॅरेजमधून बाहेर पडून मी स्वतःचं नुकतंच उभं केलं होतं. नाव गेलं असतं तर शटरच ओढावं लागलं असतं. दुसरी भीती मोठी होती. मागच्या सीटवर कुणाची तरी लेक आडवी असणार, समोरून ट्रक येणार, आणि पुढे दोन्ही हातांनी गिअर धरायला बाई नसणार.

"आबा," मी म्हणालो, "मी सांगणार नाही. सांगायचं ते तुम्हीच सांगा. पण तुम्ही बोलला नाहीत तर हे काम मी घेत नाही. बाईंना सांगेन की दुसरं गॅरेज बघा. कारण विचारलं तर गप्प बसेन."

त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. परत येताना गाडी मी चालवली.

दुपारी बाई आल्या. मी उघडलेली पेटी टेबलावर मांडून ठेवली होती. त्यांनी चष्मा लावून दात बघितले, बोट फिरवलं.

"आता काय काय करता येईल?"

मी सांगायला लागलो. पहिला मार्ग, हीच पेटी दुरुस्त करायची, तिसऱ्याचं चक्र आणि कडी बदलायची. बाकी सगळं चांगलं असल्यामुळे यात काही वाईट नाही. दुसरा मार्ग, दुसऱ्या गाडीची अशीच जुनी पण चांगली पेटी बसवायची. काम लवकर होतं, पण तिच्या आत काय आहे ते नीट पारखून घ्यावं लागतं. तिसरा मार्ग, याच इंजिनाला बसणारी पण फरशीवरच्या दांडीची पेटी घालायची. त्यात कापाकापी जास्त. फरशीला भोक पाडायचं, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट लेथवर नेऊन लांबी जुळवायची, स्पीडोमीटरची केबल बदलायची.

"यातलं टिकेल कुठलं?" बाईंनी विचारलं.

सरळ प्रश्न होता. मी आबांकडे पाहिलं. ते खांबाला टेकून उभे होते, डाव्या हाताचा कोपर उजव्या हाताने धरून. मी काही बोललो नाही. बाईही थांबल्या. त्यांना वाटलं असेल, मी मनात काही हिशेब करतोय.

"लतीफभाई?"

आबांनी टोपी काढली.

"बाई, गाडीमा काही खोट नही," ते म्हणाले. "खोट मना हातमा शे. बठ्ठं मनामुळे व्हयनं."

आणि त्यांनी डावा हात वर उचलून दाखवला. छातीच्या उंचीपर्यंत गेला आणि थांबला.

मला वाटलं, आता ओरडतील. पारोळ्यात त्यांच्या ओरडण्याची ख्याती होती. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, माझं ग्रीस लागलेलं स्टूल पायाने पुढे ओढलं आणि म्हणाल्या, "बसा."

आबा बसले. बाईंनी त्यांचा हात हळूच वर नेला, बाजूला नेला, मागे वळवला. "इथे दुखतं? इथे? रात्री या कुशीवर झोपता येतं?" आबा हो-नाही करत होते. शेजारी माझा वेल्डर काम थांबवून उभा राहिला होता.

"खांदा आखडलाय," बाई म्हणाल्या. "हाड मोडलेलं नाही, हात गेलेला नाही. वेळ लागतो, पण सुटतो. हाडाच्या डॉक्टरांकडे आजच जायचं. माझ्याबरोबर." मग हात सोडून त्या समोर उभ्या राहिल्या. "आबा, अडलेल्या बाईला शेवटच्या घटकेला आणतात तेव्हा मी तिच्या घरच्यांना काय म्हणते?"

आबा खाली बघत म्हणाले, "आधी का सांगं नही, आसं म्हंतस तुम्ही."

"आणि कशी म्हणते?"

"वरडीसन."

"मग आता?"

"वरडा, बाई. तुमना हक शे."

बाईंना हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. त्यांनी तोंड फिरवलं आणि माझ्या भिंतीवरच्या टायरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. "इतकी वर्षं तुमच्या भरवशावर मी मागे बसून पेशंटकडे बघतेय," त्या म्हणाल्या. "रस्त्याकडे एकदाही बघावं लागलं नाही. आणि तुम्हाला वाटलं, मी तुम्हाला काढून टाकेन?"

आबांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. उजव्या हाताने.

मग बाई माझ्याकडे वळल्या. आवाज पूर्वीसारखा झाला होता. "आता सांगा, लतीफभाई. गाडीला कुठला चालेल ते राहू द्या. या हाताला कुठला चालेल?"

खरं सांगतो, तोपर्यंत मी तसा विचारच केला नव्हता. मी पेटीपुरताच विचार करत होतो. गॅरेजमध्ये एका ठेकेदाराची जीप ब्रेकच्या कामासाठी आली होती. तिला फरशीवरची दांडी होती. आबांना तिच्यात बसवलं. "कोपर अंगाला चिकटवून ठेवा आणि तिसरा टाका," मी म्हणालो. फरशीवरच्या दांडीत तिसरा गिअर म्हणजे दांडी पुढे ढकलायची, कमरेच्या उंचीवर. हात वर उचलायचाच नाही. आबांनी ढकलली. दांडी शेवटपर्यंत गेली. त्यांनी परत आणली, परत ढकलली. चार-पाच वेळा केलं. चेहऱ्यावर कळ दिसली नाही.

"जास," ते म्हणाले. जातो. एवढंच.

बाई म्हणाल्या, "ठरलं मग. पण हाडाचे डॉक्टर सांगेपर्यंत पेशंट असताना तुम्ही चालवायची नाही."

"मंग कोन चालवी?"

"मी. लायसन्स काय नुसतं काढून ठेवलंय? तुम्ही शेजारी बसायचं आणि शिकवायचं."

तशी पेटी धुळ्यात मिळाली नाही. जळगावला जुन्या पार्टचा एक व्यापारी होता, त्याच्याकडे दोन असल्याचं शेजारच्या दुकानातल्या फोनवरून कळलं. मी आबांना बरोबर घेतलं आणि एसटीने निघालो. त्यांना घेऊन जायचं कारण, दांडी त्यांच्याच हातात बसायला हवी होती.

व्यापाऱ्याने पहिली पेटी पुढे केली. रॉकेलने धुतलेली, वरून चंदेरी रंग मारलेली, पोळ्याच्या बैलासारखी सजवलेली. "बघा, एकदम नवी," तो म्हणाला. मी खाली वाकून बघितलं. कवचाच्या कडेला रंगाखाली वेल्डिंगची रेघ होती. म्हणजे कधी तरी फुटली होती. आत तेलाचा थेंबही ठेवला नव्हता. जुनी पेटी घेताना आतलं तेल बघायचं असतं. नुसतं काळं असेल तर चालतं, ते वयाने होतं. त्यात चांदीसारखी चमक दिसली तर समजायचं की आतलं लोखंड झिजून तेलात उतरतंय. धुतलेली पेटी हे काहीच सांगत नाही.

"ती दुसरी दाखवा," मी म्हणालो.

दुसरी कोपऱ्यात पडली होती. मातीने माखलेली. खालचं बूच काढलं, बोटावर तेल घेतलं, उन्हात नेऊन घासलं. काळं, चमक नाही. शाफ्ट हाताने फिरवला. एकेका गिअरमध्ये टाकून फिरवला. कुठे अडखळत नव्हता, कुठे खडखड नव्हती. शाफ्ट धरून वर-खाली हलवला, बेअरिंगमध्ये खेळ नव्हता. इंजिनाला जोडायच्या तोंडाची भोकं मी घरून आणलेल्या पुठ्ठ्याच्या मापावर ठेवून पाहिली. जुळली. मग आबांना म्हणालो, "आता तुम्ही."

आबा जमिनीवर मांडी घालून बसले, पेटीला ड्रायव्हरच्या बाजूने. डाव्या हाताने दांडी धरली आणि तिसरा टाकला. काढला. पुन्हा टाकला. व्यापारी हसून म्हणाला, "आबा, गाडी घेऊनच जाणार का बसल्या बसल्या?"

"हाई चांगली शे," आबा मला म्हणाले.

व्यापाऱ्याने चहा सांगितला. पेटी पोत्यात बांधली आणि एसटीच्या टपावर चढवली. एरंडोल मागे टाकलं तेव्हा आबा आपणहून बोलले. म्हणाले, इतके महिने सगळ्यात वाईट काय वाटत होतं माहीत आहे का? खांदा दुखत होता ते नाही. बाई मागे पेशंटला सांगायच्या, घाबरू नकोस, आबा आहेत गाडीवर. ते ऐकू यायचं तेव्हा जीव कानकोंडा व्हायचा.

पारोळ्याला ते उतरले. मी धुळ्यापर्यंत पोत्याकडे लक्ष ठेवत आलो.

बसवायला मला वाटलं त्यापेक्षा जास्त त्रास झाला. फरशीचं भोक जरा मागे पडलं, परत कापावं लागलं. शाफ्ट लेथवरून आणला तर थरथरायला लागला, पुन्हा नेऊन बॅलन्स करून घेतला. दांडी सरळ होती, ती गरम करून आबांच्या बाजूला किंचित वाकवली, म्हणजे हात लांबवावा लागू नये. स्टिअरिंगखालचं जुनं हँडल काढून टाकलं. सगळं झाल्यावर बाईंना बोलावलं.

त्या स्टिअरिंगवर बसल्या, आबा शेजारी, मी मागे, पेशंटच्या जागेवर. बाईंनी पहिला टाकला, दुसरा टाकला. साक्रीच्या रस्त्याला लागल्यावर आबा म्हणाले, "आते." बाईंनी तिसरा टाकला. मी मुद्दाम सांगितलं, "पाय उचला." त्यांनी पाय उचलला. गाडी मंदावली, गिअर जागच्या जागी राहिला. बाईंनी दांडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. "धरायला नको?" त्यांनी विचारलं. आम्ही तिघंही हसलो.

पुढे काय झालं ते सांगतो. हाडाच्या डॉक्टरांनी आबांना औषधं दिली, शेक दिला, आणि भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम सांगितला. तो प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात चालायचा. बाळंतिणींचे नवरे बाहेर ताटकळत बसलेले असायचे, ते म्हणे आबांना सांगायचे, आज कालपेक्षा वर गेला. तोवर पेशंट असली की गाडी बाई चालवायच्या. पारोळ्यात सुरुवातीला लोक थांबून बघायचे. नंतर बघेनासे झाले. उन्हाळा संपता संपता आबांचा हात टोपीपर्यंत पोहोचला आणि ते परत गाडीवर बसले. मग बरीच वर्षं त्यांनीच चालवली. ती पेटी मी पुन्हा उघडली नाही. दर वेळी फक्त तेल बदललं.

माझं म्हणाल तर मी त्या माणसाचा ऋणी आहे. त्या दुपारी आबा गप्प राहिले असते तर मी एक चांगलं गिऱ्हाईक गमावलं असतं, आणि त्यांना तर काहीच झालं नसतं. दुसऱ्या मिस्त्रीने आनंदाने नवी पेटी बसवून दिली असती. पोटावर पाय येईल असं वाटत असताना ते बोलले. त्यामुळे माझं नाव राहिलं. पारोळा, धरणगाव, अमळनेर, तिकडच्या गाड्या मग माझ्याकडे यायला लागल्या. "गाडीत दोष नसेल तर तसं सांगतो," अशी माझी ख्याती कुणी तरी पसरवली होती. कोणी, ते मला माहीत आहे. आणि बाईंचाही मी ऋणी आहे. गाडी कुणाच्या हाताला हवी, हा प्रश्न मला त्यांनी विचारला. पेट्या उघडता उघडता तो मला कधी सुचला नव्हता.

आबा निवृत्त झाले तेव्हा बाईंच्या नव्या ड्रायव्हरला ते स्वतः घेऊन आले. तिशीतला तगडा माणूस होता. गाडी लावून तो मला काही तक्रार सांगायला लागला, गिअर जरा कडक पडतो वगैरे. आबांनी त्याला मध्येच थांबवलं.

"भाऊले पहिले हात दखाड," ते म्हणाले, "मंग गाडी."

त्याला काही कळलं नाही. त्याने गोंधळून दोन्ही हात पुढे केले. हात चांगले होते. मी त्याला स्टिअरिंगवर बसवलं, शेजारी बसलो आणि एक चक्कर मारून आलो. क्लचची केबल सैल झाली होती. पाना फिरवून जुळवून दिली.

गिअरची तक्रार आली की आजही मी असंच करतो. पाने मागाहून. आधी जो चालवतो त्याच्या शेजारी बसायचं आणि बघायचं.